मदत हवी आहे : जहाज तेच, की त्याचं सिस्टर शिप (त्याच आराखड्यावर बांधलेलं जुळं जहाज)?

१९५०च्या दशकातल्या एका मालवाहू जहाजाची मालकांची साखळी जुळवतोय. लांबी-रुंदी जुळते, पण तिसऱ्या नावाखाली ग्रॉस टनेज (जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप, वजन नव्हे) एकदम वाढलंय. शेल्टर डेकचं (वरच्या डेकचं) टनेज ओपनिंग, म्हणजे खालची जागा मोजणीतून वगळली जावी म्हणून ठेवलेली उघडी जागा, कायमचं बंद केलं की आकार तोच राहून टनेज चढतं, हे मान्य. पण त्याच यार्डात (जहाजबांधणी कारखान्यात) सिस्टर शिपही बांधलं होतं, तिथेच घोळ आहे. झेंडा (नोंदणीचा देश) बदलला की ऑफिशियल नंबर (त्या देशाचा नोंदणी क्रमांक) बदलतो. नावावर तर विसंबूच नये. आयएमओ नंबर (जहाजाचा कायम तोच राहणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १९९६पासून सक्तीचा, हे जहाज त्याआधीच भंगारात गेलं. फोटोत नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) रंगाखालून जुन्या नावाची वेल्डिंगची दोनच अक्षरं दिसतात. यार्ड नंबर (बांधताना यार्डानं दिलेला क्रमांक) मिळत नसेल, तर इंजिनाचा नंबर पुरावा धरावा का? मधे इंजिन बदललं असेल तर?