मेट्रोपोलिस (१९२७) आज बघण्यात खरंच काही अर्थ आहे का?

रातकिडा: दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा मेट्रोपोलिस बघायला घेतलाय, दोन तासांचा मूकपट म्हणजे जरा हिंमतच. वर श्रीमंतांची पोरं बागेत बागडतायत, खाली कामगार माना खाली घालून शिफ्टला निघालेत, इथवर आलो. पण हे सगळं नंतरच्या पिक्चरांत इतक्यांदा पाहिलंय की नवीन काही वाटेना. एआयच्या काळात बघायलाच हवा म्हणतात ते का?

डबा_ऐसपैस: खोटी मारिया येईपर्यंत धीर धर. रोटवांग नावाचा शास्त्रज्ञ रोबोट बनवतो आणि म्हणतो, आता जिवंत कामगारांची गरजच नाही, म्हणजे आपली नेहमीची भीती. पण शहराचा मालक फ्रेडरसन त्याला दुसऱ्याच कामाला लावतो, कामगारांचा जिच्यावर विश्वास आहे त्या मारियाचा चेहरा रोबोटला द्यायला लावतो, का तर तिचं नाव खराब व्हावं आणि लोक बिथरावेत. सरळ डीपफेक आहे हा, तोही जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा! आणि मशीन स्वतःहून काही करत नाही, ऑर्डर वरूनच येते, हे आजच्या एआय-घाबरट पिक्चरांपेक्षा जास्त पटतं. दोन्ही रोल ब्रिगिट हेल्मचे, तिचा एक डोळा मिटण्याचा प्रकार बघच.

खडूस_काका: शेवट मात्र बोगस. मालक आणि फोरमन हात मिळवतात, डोकं आणि हात यांच्या मधे हृदय हवं वगैरे, पण कामगारांच्या शिफ्टचं ते दहा तासांचं घड्याळ कमी झालं का? कोणी विचारतसुद्धा नाही. विज्ञानकथा लेखक एच. जी. वेल्सने तेव्हाच याला मूर्खपणाचा कळस ठरवलं होतं, लांगला स्वतःलाही हा शेवट पुढे खटकायचा. पटकथा त्याच्या तेव्हाच्या बायकोची, थेआ फॉन हार्बूची, ती नंतर नाझी पार्टीत गेली. आणि गंमत म्हणजे तिने पुढे गुपचूप लग्न केलं ते बेळगावकडच्या आयी तेंडुलकर या आपल्या मराठी पत्रकाराशी.

सोळा_एमएम: कुठली प्रिंट बघतोयस ते महत्त्वाचं. रिलीजनंतर भरपूर कापला होता, २००८ मधे ब्युनोस आयर्सच्या म्युझियममधे जवळपास पूर्ण प्रत सापडली, त्यावरून २०१० ची आवृत्ती झाली. मधेच ओरखडेवाली फ्रेम आली की समज तो सापडलेला भाग. फ्रेडरसन स्वतःच्या पोराच्या मागे हेर लावतो आणि तो हेर ११८११ नंबरच्या कामगाराला गाठतो, तो ट्रॅक कापलेल्या प्रिंटमधे जवळजवळ गायबच आहे.

रातकिडा: माझ्याकडे ओरखडे नाहीत, म्हणजे कापलेलीच दिसतेय. दुसरी शोधतो. काका, तेंडुलकरांचं वेगळा धागा काढून लिहा ना.