आजोबांचा नक्षीवाला रेडिओ : किंमत किती येईल? (तातडीने मदत हवी)

कांदेवाडीकर: चाळ रिकामी करतोय, टेम्पो शनिवारी येतोय. माळ्यावरून आजोबांचा रेडिओ निघाला. पूर्ण लाकडी, वेलबुट्टी कोरलेली, वर दोन मोर. १९३० चा आहे. भंगारवाला ८०० म्हणतो, चोर बाजारात मटण स्ट्रीटवर एकाने ४,००० सांगितले. दादा म्हणतो परदेशात असले रेडिओ लाखात जातात. खरी किंमत सांगा, लवकर.

व्हॉल्व्हवाला: कंपनी कुठली? मागचा पुठ्ठा आहे का? डायलची काच, नॉब, आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या? हे कळल्याशिवाय काय सांगणार, पोपट घेऊन बसू का? आणि १९३० कशावरून?

सिलोनभक्त: आमच्याकडे बुश होता. त्याचं लायसन असायचं, दरवर्षी पोस्टात जाऊन तिकीट लावून आणायचं. बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला, अख्खी गॅलरी आमच्या दारात. लायसनचं पुस्तक सापडलं का हो?

कांदेवाडीकर: पुस्तक नाही. मी किंमत विचारलीय.

घरसजावट_ठाणे: आतलं सगळं काढून ब्लूटूथ स्पीकर बसवा. मी बसवलाय, पाहुणे विचारतात कुठून आणला.

व्हॉल्व्हवाला: ताई, हात जोडतो. आतलं गेलं की उरतं ते खोकं. संग्राहक ढुंकूनही बघत नाही.

घरसजावट_ठाणे: बंद पडलेलं यंत्र जपून तरी काय करायचंय?

कांदेवाडीकर: मर्फी लिहिलंय. मागचा पुठ्ठा नाही. काचेला कोपऱ्यात तडा. एक नॉब वेगळ्याच रंगाचा. व्हॉल्व्हवर यूएल ८४, यूवाय ८५ असं काहीतरी.

व्हॉल्व्हवाला: मग १९३० विसरा. हे व्हॉल्व्ह पन्नासच्या दशकातले. मुंबईचं केंद्रच २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, १९३० ला चाळीत रेडिओ म्हणजे आजोबा संस्थानिकच हवेत. आणखी एक, 'यू'वाल्या सेटमध्ये सहसा ट्रान्सफॉर्मर नसतो, मेनची वायर थेट चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला. नॉबच्या स्क्रूला बोट लागलं तरी झटका बसतो. प्लग लावू नका.

रंधा: लाकडाचं बोलतो, आमचा धंदा आहे. त्या काळची कंपनीची कॅबिनेट प्लायची, वर व्हीनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चकचकीत लॅकर. कोरलेले मोर मर्फीवर मी तरी पाहिले नाहीत. मोराखाली जोड दिसतो का? डायलभोवती फट आहे?

कांदेवाडीकर: आहे, बोट जाईल एवढी. पुठ्ठ्याची पट्टी कोंबलीय. आईला विचारलं. आजोबांचे भाऊ नक्षीकाम करायचे. पावसात मूळ खोका फुगला, म्हणून त्यांनी सागवानी नवा केला.

रंधा: वाटलंच. सागवान असेल तर सँडपेपर मारू नका. लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानेच...

व्हॉल्व्हवाला: मग रेडिओ म्हणून भाव पडला. संग्राहकाला मूळ कॅबिनेट लागतं, नक्षी कितीही सुंदर असो. दादा म्हणतात ते वेगळं. इंग्लंडच्या एको कंपनीचा एडी ६५ घ्या, १९३४ चा, गोल, बेकलाइट या जुन्या प्लास्टिकचा. त्यावर कोरीव काम नाहीच, पण घाट कंपनीचा, वेल्स कोट्स या वास्तुरचनाकाराने आखलेला. मी गेल्या वर्षी अख्खा मर्फी, पुठ्ठ्यासकट, चालू, साडेसहा हजारांना दिला. तुमचा चार हजारांचा भाव वाईट नाही.

सिलोनभक्त: मर्फीचा कारखाना ठाण्याला होता. कॅलेंडरवरचं ते बाळ आठवतं का कुणाला?

कांदेवाडीकर: दादाने आत्ताच प्लग लावला. नुसतं घूंऽऽ येतंय. मेणासारखा वास.

व्हॉल्व्हवाला: प्लग काढा!! जुने कॅपॅसिटर गेलेत. शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडल्याशिवाय असला सेट लावायचा नसतो.

घरसजावट_ठाणे: ब्लूटूथला वास येत नाही 😀

कांदेवाडीकर: काढला. आई म्हणते मोर विकायचे नाहीत, नव्या घरात देवघरावर बसवायचे. नुसतं आतलं सामान कोणी घेईल का? शनिवारच्या आत.