सगळ्या फाइली लॉक, चिठ्ठीत ९८० डॉलरची मागणी. काय वाचेल?

खिळेजुळणी: डीटीपीच्या कामाचा संगणक, विंडोज १०. काल एका सॉफ्टवेअरचं क्रॅक (पैसे न भरता चालवायची चोरटी फाइल) टाकलं, तेव्हा ‘विंडोज अपडेट’ची खिडकी बराच वेळ दिसत होती. त्यानंतर पत्रिका, फोटो, व्हिडिओ अशा सगळ्या फाइलींच्या नावामागे चार अक्षरांचं शेपूट लागलंय, एकही उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ चिठ्ठी आहे: ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर ४९०. बॅकअपची हार्डडिस्क जोडलेलीच होती, तीही गेली. अँटीव्हायरसच्या साइट उघडत नाहीत. फॉरमॅट मारू का?

सह्यकडा: अजिबात नको. हे ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, दिसतंय. २०१८ पासून ते मुख्यतः क्रॅकमधूनच पसरतं. ती अपडेटची खिडकी खोटी असते, तिच्याआड फाइलींना कुलूप लागत असतं.

आधी नेटची वायर आणि हार्डडिस्क काढा. विंडोज चालू असताना नवा पेनड्राइव्ह लावू नका. हा व्हायरस टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) ‘टाइम ट्रिगर टास्क’ टाकून ठेवतो. ते दर पाच मिनिटांनी चालतं आणि नव्याने जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही लॉक होतात.

दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (विंडोजऐवजी थेट त्यावरूनच संगणक चालतो) बनवा आणि त्यावरून हा संगणक सुरू करा. लॉक झालेल्या फाइली आणि सी ड्राइव्हमधलं ‘सिस्टिमआयडी’ फोल्डर रिकाम्या डिस्कवर उतरवून घ्या. त्या फोल्डरमधल्या ‘पर्सनलआयडी’ फाइलीतल्या आयडीचा शेवट पाहा. इंग्रजी ‘टी’ आणि १ असेल तर किल्ली ऑफलाइन, म्हणजे व्हायरसला त्याचा सर्व्हर सापडला नाही आणि त्याने आतच भरलेली सामाईक किल्ली वापरली. ती किल्ली कुणाला मिळाली असेल तर एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीचा मोफत डिक्रिप्टर (कुलूप काढणारं सॉफ्टवेअर) फाइली उघडतो. दुसरा कुठलाही शेवट असेल तर किल्ली फक्त चोरांकडे. ‘शंभर टक्के उघडून देतो’ म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

पाणकणीस: फाइलींच्या गडबडीत पासवर्ड राहू नयेत. या व्हायरससोबत बरेचदा ‘व्हिडार’सारखा माहितीचोर येतो आणि ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, कुकीज (साइटवरचं लॉगिन टिकवणाऱ्या छोट्या नोंदी) घेऊन जातो. कुकी हातात असली की चोराला ओटीपीही लागत नाही. म्हणून मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, मग बँकेचा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

साइट उघडत नाहीत, कारण विंडोजच्या ‘होस्ट्स’ फाइलीत व्हायरसने त्यांची नावं चुकीच्या पत्त्यासह घालून ठेवलेली असतात.

खिळेजुळणी: आयडी दोन आहेत. एकाच्या शेवटी टी आणि १, दुसऱ्याच्या नाही.

सह्यकडा: म्हणजे काही फाइली सर्व्हरशी संपर्क नसताना लॉक झाल्या, काही संपर्क असताना. डिक्रिप्टर सगळ्यांवर चालवा, पण ‘लॉक फाइली ठेवा’ हा पर्याय चालू राहू द्या. ऑफलाइनवाल्या आज उघडल्या नाहीत तरी टाकू नका, एक-दोन महिन्यांनी पुन्हा चालवून बघा.

रीळ_आणि_रोल: उरलेल्यांतही जीव आहे. वेग साधायला हा व्हायरस प्रत्येक फाइलीचे सुरुवातीचे १५० केबीच बिघडवतो. दोन पानी पत्रिका त्यात अख्खी गेली. पण ५०० एमबीच्या लग्नाच्या व्हिडिओत पुढचं सगळं शाबूत असतं. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून दिली तर व्हिडिओ दुरुस्तीचं सॉफ्टवेअर तो चालता करू शकतं. मोठ्या झिपचं शेपूट काढून सेव्हन-झिपने उघडा, सुरुवातीच्या फाइली सोडून बऱ्याच निघतात. फोटोंसाठी कॅमेऱ्याचं कार्ड शोधा. त्यावर नवं शूटिंग झालं नसेल तर पुसलेले फोटोही फोटोरेक या मोफत सॉफ्टवेअरने मिळतात. गूगल ड्राइव्हला सिंक असेल तर वेबसाइटवर ट्रॅश आणि जुन्या आवृत्त्या आजच बघा, तिथली मुदत ३० दिवसांची.

पुढे बॅकअपला दोन डिस्क घ्या, आलटून पालटून. कॉपी झाली की वायर काढायची, आणि एक डिस्क दुकानात नाही, घरी ठेवायची.