गोव्यात चोडण बेटावर खाजनातल्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतातल्या) मांगरात, म्हणजे शेतघरात, एक रात्र राहायचंय, भरती-ओहोटीचं गणित कोणी सांगेल का?

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. मामेसासऱ्यांचा चोडणला खाजनात, मानशीला (बांधातल्या पाण्याच्या दारांना) लागून एक जुना मांगर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. वीज नाही, नळ नाही. पूर्वी मानशीवरची मासळी राखायला तिथे माणूस झोपायचा, आता नुसती अवजारं असतात. जानेवारीत पुण्याहून मावसभाऊ आणि त्याची मुलगी येणार आहेत. पोरीला पक्ष्यांचं भारी वेड, म्हणून एक रात्र तिथेच काढायचा बेत आहे. पौर्णिमा धरून, म्हणजे चांदणं मिळेल.

जागा सलीम अली अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, मालकांची ना नाही. रिसॉर्ट कृपया सुचवू नका.

अडचण जाण्यायेण्याची आहे. बांध मधेच खचलाय, त्यामुळे खारफुटीतून होडीनेच जावं लागतं आणि ओहोटीला तिथे मांडीभर चिखल. होडीवाल्याला विचारलं तर "पाणी बघून येतो", यापुढे एक शब्द नाही. मग निघायचं कधी, परतायचं कधी? शिवाय कुंभारजुव्याकडच्या मगरी इथवर येतात का? आणि डासांचं काय करायचं? बंद खोलीत कॉइल लावली तर डासांआधी आम्हीच आडवे होऊ.

प्रतिसाद:

पौर्णिमेचा हट्ट सोडा. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री. म्हणजे संध्याकाळी पोहोचायच्या वेळी आणि पहाटे पक्षी बघायच्या वेळी, दोन्हीकडे चिखल. अष्टमीच्या सुमारास भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते. ती भांगाची, पाणी कमी चढतं, पण छोट्या होडीला बहुधा पुरेल. होडीवाल्याला "अष्टमीला जमेल का" असं नेमकं विचारा, मग बोलेल. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक बघूनच तारीख पक्की करा.

मगरी मांडवीच्या या खाड्यांत आहेत. अंधारात काठावर भांडी धुवायला, हातपाय धुवायला कोणीही जायचं नाही. मला जास्त भीती मानशीची वाटते. भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारं आपोआप मिटतात, तेव्हा पाणी गरीब दिसतं. ओहोटी लागली की तीच दारं उघडतात आणि आतलं पाणी असं ओढ घेतं की मोठा माणूसही टिकणार नाही. पोरीला दाखवा जरूर, पण बांधावरून, हात धरून.

कॉइल नको, मच्छरदाणी न्या आणि कडा गादीखाली खोचा. अवजारं दिवसाउजेडी काठीने हलवून घ्या, भाताच्या उंदरांमागे घोणस येते. प्यायचं पाणी घरूनच, भरपूर.

मांगराला दार नीट लागतं ना? आणि होडी रात्रभर तिथेच राहणार की होडीवाला ती घेऊन परत जाणार? हे आधी सांगा.