मदत हवी आहे: खरे क्लोन आणि ‘ऱ्या’चा शोध, दोन्ही जमणारा आउटलायनर

सुमारे ४,००० नोंदींसाठी, ऑफलाइन चालणारा आउटलायनर (नोंदी शाखा-उपशाखांत मांडणारं सॉफ्टवेअर) हवा आहे. एकच नोंद दोन शाखांखाली हवी. एकीकडे बदलली की दुसरीकडेही बदलली पाहिजे; हाच खरा क्लोन. लिओ या आउटलायनरमध्ये असे खरे क्लोन आहेत, पण तारखेनुसार लावता येतील असे रकाने नाहीत. इमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग-मोडमध्ये प्रॉपर्टी (नोंदीला जोडलेली माहिती), रकाने, अजेंडा सगळं साध्या मजकुराच्या फाइलीत मिळतं. तिथे अडतं ते क्लोनवर. लिंक देणं म्हणजे क्लोन नव्हे. आणि ओपीएमएल या आउटलाइनच्या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारातून स्थलांतर करताना क्लोनच्या सुट्या प्रती होतात, कारण त्यात प्रत्येक नोंद एकाच पालकाखाली बसते.

खरी डोकेदुखी शोधाची. ‘दुसऱ्या’मधला ऱ तीन प्रकारे साठवलेला असतो: यू+०९३१ हे एकच युनिकोड अक्षर, र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब), किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एकच सापडतो. एनएफसी (युनिकोड मजकूर एकसारखा करण्याची पद्धत) केल्याने पहिले दोन एक होतात. तिसरा तसाच राहतो, तो वेगळा बदलावा लागतो.

फ्रीप्लेन या माइंड-मॅप सॉफ्टवेअरमधले क्लोन एवढ्या नोंदींना कितपत पेलतात? ऱ चे तिन्ही प्रकार एकत्र शोधणारं इमॅक्सचं पॅकेज कोणी वापरतं का? कृपया आवृत्तीसह सांगा.