स्वमग्न मुलासाठी शाळेने कबूल केलेले विशेष शिक्षक येत नाहीत, काय करावे?

प्रश्न (वऱ्हाडातील एक पालक)

आमचा मुलगा गावातील जिल्हा परिषद शाळेत दुसरीत आहे. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) मिळालेले आहे. पहिलीत नाव घालताना मुख्याध्यापकांनी सांगितले होते, की गट साधन केंद्राचे (तालुक्यातील शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राचे) विशेष शिक्षक दर आठवड्याला येतील आणि वर्गात त्याच्याजवळ एक मदतनीस बसेल. मदतनीस कधी आलाच नाही. विशेष शिक्षक दिवाळीआधी येऊन नोंदवहीत सही करून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. परिपाठाला लाउडस्पीकर सुरू झाला की मुलगा कान दाबून पळत सुटतो, म्हणून आता आम्हाला "त्याला अकरानंतर पाठवत जा" असे तोंडी सुचवले जाते. आम्ही कपाशी-सोयाबीनवाले, वेचणीच्या दिवसांत दोघांपैकी कोणालाही शाळेत बसून राहणे जमत नाही. गुरुजींशी वैर न घेता कबूल केलेले कसे मिळवावे?

उत्तर १ (निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी)

भाऊ, मुख्याध्यापकांनी जे कबूल केले ते त्यांच्या अखत्यारीत नव्हते, हे आधी लक्षात घ्या. फिरते विशेष शिक्षक समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या समावेशित शिक्षण उपक्रमातून नेमले जातात आणि त्यांचे दौरे गट साधन केंद्रातून ठरतात. त्यामुळे अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, पण मुख्याध्यापकांमार्फत करा. असा अर्ज मुख्याध्यापकांविरुद्ध ठरत नाही, उलट वरिष्ठांकडे मागणी करायला त्यांच्याही हाती एक कागद येतो.

अर्जात "सहकार्य व्हावे" असे मोघम लिहू नये. मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची प्रत आणि विशेष शिक्षकांच्या भेटीचा ठरलेला वार लेखी मागावा. आधाराला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम १६ द्यावे, कारण मुलाच्या गरजेनुसार सोयी करण्याचे आणि वैयक्तिक आधार देण्याचे बंधन त्या कलमाने शासनमान्य व अनुदानित शाळांवरही येते. अर्जावर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

दाद लागली नाही तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित असते आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होते. पालक शिक्षकांशी तासन्‌तास भांडतात, पण हे कलम कोणी वापरत नाही, याचे मला नोकरीभर आश्चर्य वाटत आले. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचा मार्गही आहेच, तो शेवटी ठेवावा. मदतनीसाबाबत मात्र खोटी आशा दाखवणार नाही. साध्या ग्रामीण शाळेत एका मुलासाठी स्वतंत्र मदतनीस दिलेला मी पाहिलेला नाही.

उत्तर २ (फिरती विशेष शिक्षिका, पूर्व विदर्भ)

वरील मार्ग योग्य आहे. आमची बाजूही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले, पण प्रत्यक्षात आमच्यापैकी अनेकांकडे कितीतरी गावे असतात आणि दुपारची एसटी चुकली की त्या दिवसाची शाळा हुकते. सही करून निघून जाण्याचे मी समर्थन करत नाही.

तरीही माझ्या अर्ध्या तासाने आपल्या मुलाचे फारसे भागणार नाही. त्याचा दिवस वर्गशिक्षकांबरोबर जातो, म्हणून भेटीच्या वेळी विशेष शिक्षकांनी वर्गशिक्षकांना काय शिकवले, याची नोंद मागा. परिपाठाला त्याला लाउडस्पीकरपासून लांब, शेवटच्या रांगेत किंवा वर्गातच बसू द्यावे. दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावावा. पोषण आहाराच्या पंक्तीत त्याची जागा रोज तीच आणि कडेची असावी. याला ना निधी लागतो ना वरून आदेश. "अकरानंतर पाठवा" हे मात्र मान्य करू नका. तेच लेखी द्या म्हटले, की सूचना बहुधा मागे घेतली जाते.

उत्तर ३ (एका स्वमग्न मुलीची आई)

दादा, गाव लहान असेल तर थेट वर जाण्याआधी विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडावा, असे माझे मत आहे. समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे ठराव होऊन इतिवृत्तात आला, की मागणी एका घराची राहत नाही. आमच्याकडे शिक्षकांचा अवघडलेपणा त्यामुळेच गेला. उपचारांच्या खर्चासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना पाहावी. एक लाख रुपयांपर्यंतच्या त्या विम्यात थेरपीही येते.

प्रश्नकर्ता

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, तेथे विषय मांडतो. पण "विशेष शिक्षकांची जागाच रिकामी आहे" असे उत्तर आले तर?

उत्तर १ (पुन्हा)

तर ते उत्तर लेखी घ्या आणि माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी विचारा: तालुक्यात विशेष शिक्षकांची मंजूर व भरलेली पदे किती, आणि या वर्षी आपल्या शाळेला दिलेल्या भेटींच्या नोंदी. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तोही लागत नाही, आणि माहिती तीस दिवसांत द्यावी लागते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द चालतात, तेव्हा मुलाची सगळी हकीकत त्यात लिहू नका. नोंदवहीतील त्या सहीची प्रत मिळाली, की ती कलम ३२ च्या तक्रारीला जोडा.