मुलीची मान काळी पडतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी मुलगी १३ वर्षांची आहे. वर्षभरापासून तिची मान मागून काळी पडत चाललीय. आधी मळच वाटला. सासूबाईंनी डाळीचं पीठ आणि लिंबू लावून इतकं घासलं की पोर रडली, कातडी लाल झाली, काळेपणा मात्र तसाच. परवा वेणी घालताना नीट हात लावून पाहिला. कातडी जाडसर, मखमलीसारखी लागते. काखेतही तसंच आहे.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्यामुळे कातडी जाड व काळी होते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ५.९ टक्के आलीय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वडिलांना मधुमेह होता, तरी मला हे सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

कुणाच्या मुलांना असं झालंय का? वजन उतरल्यावर मान उजळली का, किती महिन्यांनी? तिची पाळीही अनियमित आहे, मग आधी मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवू की स्त्रीरोगतज्ज्ञांना? आणि वर्गातल्या मुली "मान धूत नाहीस का" म्हणतात, तेव्हा तिने काय उत्तर द्यावं? हल्ली ती केस मोकळेच सोडते.